‘त्रेविन्यों’ बुडाली त्याची नोंद

एकोणीसशे एकोणपन्नासच्या फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी सकाळी कमांडंट लाफार्ग यांनी ओनोरा पेलग्रँला टेबलापाशी बोलावलं आणि एक साधंसं काम सांगितलं. ‘त्रेविन्यों’ या जुन्या हलक्या क्रूझरची सेवापुस्तिका आता बंद करायची होती. पुढच्या महिन्यात तिला ओढत बाहेर समुद्रात नेणार होते आणि तोफांच्या सरावाला लक्ष्य म्हणून उभी करणार होते, म्हणजे थोडक्यात बुडवणार होते. पुस्तिकेत एकच रकाना मोकळा होता, मागच्या इंजिनखोलीतल्या पितळी पाटीवरचा क्रमांक. तो कुणीतरी जाऊन उतरवून आणायचा आणि खाली शेवटची ओळ लिहायची, की झालं.

“तुम्ही तिच्यावर नोकरी केलीय ना? मग तुम्हीच जा,” कमांडंट म्हणाले. “निदान वाट तरी चुकणार नाही.”

ओनोरा हो म्हणाला. नाही म्हणायला चारचौघांत सांगण्यासारखं कारण त्याच्याकडे नव्हतं.

त्याचं वय सेहेचाळीस. लढाईआधी आणि लढाई चालू असतानाही तो ‘त्रेविन्यों’वर इंजिनमिस्त्री होता. लढाई संपल्यावर गुडघे गेले, तेव्हा फ्रेंच आरमाराने त्याला तूलाँ बंदरातल्या कागदपत्रांच्या कचेरीत बसवलं. अक्षर चांगलं, स्वभाव मुका, कामात चूक नाही. कचेरीत त्याच्याबद्दल याहून जास्त कुणालाच काही माहीत नव्हतं.

लाँच यायला अर्धा तास होता. तेवढ्यात त्याने पुस्तिका चाळली. पहिली चार पानं कुठल्याही जहाजाची असावीत तशीच होती. पस्तीस साली ब्रिटनीतल्या गोदीतून पाण्यात उतरली. सदतीस साली स्पेनच्या किनाऱ्यावरून बायकापोरं सोडवून आणली. लढाई सुरू झाल्यावर अटलांटिकमध्ये मालवाहू जहाजांची राखण केली. चाळीस साली फ्रान्स जर्मनीला शरण गेल्यावर तूलाँच्या धक्क्याला बांधली, ती बांधलेलीच राहिली. पाचव्या पानावर सत्तावीस नोव्हेंबर बेचाळीसची नोंद होती. ‘जर्मनांच्या हाती पडू नये म्हणून आज्ञेनुसार स्वतःच्याच खलाशांनी जागच्या जागी बुडवली. मृत: कोणी नाही. पळून गेलेला: एक, यांत्रिक सिप्रियँ ओदिबेर. साक्ष: इंजिनमिस्त्री ओ. पेलग्रँ.’

ते पान त्याने भराभर उलटलं. पण पुढच्या पानांनी त्याला थांबवलं. ती त्याने कधी वाचलीच नव्हती.

त्रेचाळीसच्या वसंतात इटालियनांनी जहाज वर काढलं, तेव्हा मधला भाग गाळाने भरलेला होता, पण मागची इंजिनखोली कोरडी ठणठणीत निघाली. समुद्राकडच्या तिन्ही झडपा आतून घट्ट बंद होत्या. आत प्रेत नव्हतं. चव्वेचाळीसच्या ऑगस्टमध्ये विमानांनी दोन बॉम्ब टाकले. आजूबाजूची सगळी जहाजं तळाला गेली, ही जराशी कलली आणि तरंगत राहिली. सेहेचाळीस साली पाणसुरुंगाची चाचणी तिच्यावरच घेतली, तरी बुडाली नाही. सत्तेचाळीसच्या वादळात साखळ्या तुटून खडकावर आदळली, पोटाला अकरा मीटरची फाट पडली. सकाळी माणसं जाऊन बघतात तो सरळ उभी. त्या नोंदीखाली कुणा इंजिनियरने बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘कारण समजत नाही.’

तूलाँजवळच्या लाझारेच्या खाडीत, शिंपल्यांच्या शेतीपलीकडे ती नांगरलेली होती. तीन दिवस मिस्त्राल वारा नुसता पिसाळला होता, तो त्या सकाळी अचानक पडला होता आणि पाण्यावर धुकं बसलं होतं. लाँचच्या पुढच्या बाकावर ओनोरा कॉलर वर करून बसला. धुक्यातून तिची काळी बाजू पुढे आली, तसा त्याला सहा वर्षांपूर्वीचा प्रसंग आठवायचा तो आठवलाच.

जर्मन रणगाडे गोदीच्या फाटकापाशी आले होते. मागच्या इंजिनखोलीच्या झडपा उघडायचं काम ओनोराच्या टोळीकडे होतं आणि त्या उघडल्या होत्या सिप्रियँने. सिप्रियँ तिच्यावर पहिल्या दिवसापासून होता. पंप, झडपा, नळ हे त्याचं राज्य. कुठे थेंब गळला तरी हा झोपेतून उठून यायचा, म्हणून पोरं त्याला ‘दाई’ म्हणायची. त्या पहाटे तो झडपा उघडून शिडीच्या वरच्या पायरीपर्यंत आला, ओनोराकडे बघितलं आणि म्हणाला, “मला जमत नाही रे.” आणि पुन्हा खाली उतरला. ओनोराने दोन हाका मारल्या. खाली पाणी घोंघावत होतं. वर अधिकारी ओरडत होता. मग ओनोराने पोलादी झाकण लावलं, चाक फिरवून आवळलं आणि वर जाऊन सांगितलं, खाली कोणी नाही.

धक्क्यावर हजेरी घेतली तर एक माणूस कमी भरला. सगळे त्याच्याकडे बघायला लागले. तेव्हा तो म्हणाला की ओदिबेर रात्रीच उतरून गेला असावा, बायकोकडे. एवढं एकच वाक्य. पुढे खोलीत प्रेत सापडलं नाही, तसं ते वाक्य खरंच ठरलं.

सिप्रियँची बायको नोएमी दर नोव्हेंबरला कचेरीत पत्र पाठवायची. माझा नवरा पळणारा नव्हता, पुन्हा चौकशी करा. शेजाऱ्यांनी तिच्या दारावर डांबराने ‘पळपुटा’ लिहिलं होतं. गेली तीन वर्षं ती पत्रं ओनोराच्याच टेबलावर येत होती आणि ‘नवीन माहिती उपलब्ध नाही’ हे उत्तर तोच त्या चांगल्या अक्षरात लिहीत होता.

लाँचने त्याला बाराच्या सुमाराला सोडलं, चारला न्यायला येतो म्हणून सांगितलं. डेकवर राखणदार उभा होता. गोल्वेन त्याचं नाव, साठीचा, ब्रिटनीकडचा माणूस, तोंडात विझलेला पाइप. त्याने ओनोराला आपल्या खोपटात नेऊन कांद्याचं गरम सूप दिलं आणि बरेच दिवसांनी माणूस भेटल्यासारखा बोलत सुटला. इथला पंप वर्षापूर्वीच मोडला, पण आपण ते वर कळवलंच नाही, असं त्याने डोळे मिचकावून सांगितलं. कळवलं असतं तर दुरुस्तीला माणसं आली असती आणि आपली सुखाची नोकरी गेली असती.

“मग पाणी कोण काढतं?” ओनोराने विचारलं.

गोल्वेनने चमचा खाली ठेवला. “मिस्त्री, मी ते विचारत नाही. रोज दुपारी खाली ठोकाठोक चालते. तासभर. मग बंद. मी एकदा त्या झाकणावर पाव ठेवला होता. आमच्याकडे मेलेल्यांसाठी ठेवतात तसा.”

“खाल्ला?”

“नाही. दुसऱ्या दिवशी तिथेच होता. भिजून लगदा झालेला... आणि वर तर सगळं कोरडं.”

ओनोराने सूप संपवलं, कंदील घेतला आणि निघाला. गोल्वेन झाकणापर्यंत बरोबर आला. शिड्या उतरताना उजेड मागे राहिला, मग हवा मागे राहिली. शिळं तेल, चिखल, कुजलेलं शेवाळ आणि ओल्या लोखंडाचा तो रक्तासारखा वास नाकात भरला. पाऊल टाकलं की आवाज लांब कुठेतरी जाऊन उशिरा परत यायचा. दोघांनी मिळून चाक फिरवलं. ते गंजलेलं असायला हवं होतं. पण वंगण घातल्यासारखं अलगद फिरलं.

सहा वर्षं ओनोराला स्वप्नात त्या झाकणाची आतली बाजू दिसत होती. तिच्यावर नखांचे ओरखडे असायचे, कधी रक्त असायचं. झाकण वर उचललं तेव्हा कंदील गोल्वेनने धरला. ओरखडे नव्हते. एकही नव्हता. झाकणाच्या कडेने आतून काथ्या ठासून भरला होता, बोटाबोटाने दाबून, वर डांबर फिरवून, पाण्याचा थेंब शिरू नये असा. काथ्या पांढरा होता. डांबर अजून बोटाला चिकटत होतं.

“हे तुम्ही केलंत?” ओनोराने विचारलं.

“मी आल्यापासून हे झाकण उघडलेलं नाही,” गोल्वेन म्हणाला. “आणि मी खाली येणार नाही. मी इथे उभा राहतो. बोलत राहा.”

ओनोरा एकटाच उतरला. खाली पाणी घोट्यापर्यंत होतं आणि बर्फासारखं थंड. कंदिलाच्या उजेडात भिंत दिसली आणि तो जागच्या जागी थांबला. भिंतभर लाकडी पाचरी ठोकलेल्या होत्या. प्रत्येक छिद्रात, प्रत्येक फटीत, उखडलेल्या प्रत्येक खिळ्याच्या जागी. काही काळ्या पडलेल्या होत्या, काहींवर शिंपले वाढले होते, आणि काही नव्या होत्या. नव्या पाचरींना पाइनच्या चिकाचा गोड वास येत होता. अकरा मीटरच्या फाटीवर खलाशांच्या झोपायच्या झोळ्यांचं कापड, गाद्या, फळ्या असं थरावर थर चढवून वरून आडवी तुळई दिली होती. इतकं नेटकं काम ओनोराने आयुष्यात एकाच माणसाच्या हातचं पाहिलं होतं.

तो पाटीपाशी गेला, बाहीने ती पुसली आणि क्रमांक वहीत उतरवला. अक्षर वेडंवाकडं आलं. वरून गोल्वेनने विचारलं की सापडली का. ओनोरा म्हणाला, सापडली.

तेव्हाच त्याच्या डाव्या हाताची एक पाचर हलली. आधी नुसती ओल आली, मग पाण्याची करंगळीएवढी धार फुटली आणि सरळ कंदिलावर बसली. काच तडकली. अंधार झाला.

वर उजेडाचा गोल दिसत होता, शिडी चार पावलांवर होती. ओनोरा वळला आणि त्याला पावलं ऐकू आली. खोलीच्या दुसऱ्या टोकाकडून, पाण्यातून, घाई न करता कुणीतरी येत होतं. कामावर यावं तसं. पाऊल उचललं की पाणी ओघळायचं. ते त्याच्या अगदी शेजारी येऊन थांबलं. श्वास ऐकू येत नव्हता. फक्त थंडी जाणवत होती, उघड्या बर्फाच्या पेटीपाशी उभं राहिल्यावर जाणवते तशी.

“ओनोरा... जरा धर.”

आवाज ओळखीचा होता, फक्त आत पाणी असल्यासारखा जड होता. ओनोराच्या हातात लाकूड आलं. ते कुणी दिलं हे त्याला कळलं नाही, पण आपोआप त्याने पाचर धारेवर लावली आणि दोन्ही हातांनी दाबून धरली. हे दोघांनी मिळून शंभरदा केलं होतं. हातोड्याचा पहिला घाव बसला. दुसरा बसला. तिसरा निसटता त्याच्या अंगठ्यावर आला आणि तो विव्हळला.

“लागलं?”

“नाही,” ओनोरा म्हणाला. गाल ओले झाले होते, ते समुद्राच्या पाण्याने की कशाने ते त्याला समजत नव्हतं.

धार थांबली.

“बाकीचे गेले ना वर... सगळे?”

“गेले. सिप्रियँ, तू पण चल. लढाई संपली. केव्हाच संपली.”

“येतो. एवढं झालं की येतो...” पावलं पुन्हा त्या टोकाकडे निघाली. मग अंधारातून, आठवण झाल्यासारखं, “जाताना झाकण लाव. मागच्या वेळेसारखं. घट्ट.”

गोल्वेनने त्याला दंडाला धरून वर ओढलं. म्हाताऱ्याने वरून ऐकलं होतं. फक्त, पुढे कधीतरी त्याने सांगितलं की त्याला दोघांचं बोलणं ऐकू आलं नव्हतं, एकट्या ओनोराचं आलं होतं, आणि हातोडा. झाकण लावायचं की नाही यावर ते दोघं बराच वेळ तसेच उभे राहिले. शेवटी ओनोरानेच ते लावलं. घट्ट.

दुसऱ्या दिवशी त्याने पाचव्या पानासाठी नवीन निवेदन लिहिलं. ओदिबेर पळाला नाही, जहाज वाचवायला खाली गेला, मी झाकण लावलं आणि मी खोटं बोललो. खाली सही केली. पाचरींचं त्याने लिहिलं नाही. कमांडंटनी ते दोनदा वाचलं, चष्मा काढला आणि उद्यापासून येऊ नका असं खिडकीकडे बघत सांगितलं. सराव पुढे ढकला, निदान तेवढं करा, अशी ओनोराने विनवणी केली. कशासाठी, असं त्यांनी विचारलं, तेव्हा त्याने टोपी उचलली आणि तो निघाला.

नोएमीकडे तो त्याच संध्याकाळी गेला. तिने दार उघडलं, त्याला ओळखलं आणि आत घेतलं. चुलीवर काद, म्हणजे हरभऱ्याच्या पिठाची जाड पोळी, भाजत होती. उभ्या उभ्याच त्याने सगळं सांगितलं, खोलीत ऐकलेलं सुद्धा. नोएमी रडली नाही. काद करपली तरी तिने उतरवली नाही.

“‘एवढं झालं की येतो’ म्हणाला?” तिने विचारलं.

“हो.”

“रविवारी घरातला नळ दुरुस्त करायला बसला की हेच म्हणायचा. जेवण थंड होऊन जायचं.” मग तिने त्याच्याकडे पाहिलं. “ओनोरा, तुम्ही खरं लिहिलंत, बरं केलंत. पण मी तुम्हाला माफ केलं नाही. पुन्हा येऊ नका.”

तो गेला नाही.

मार्चच्या अखेरीला ‘त्रेविन्यों’ला बाहेर ओढून नेलं. किनाऱ्यावरच्या सिसियेच्या टेकडीवर बघायला माणसं जमली होती. ओनोरा एका टोकाला उभा होता, नोएमी दुसऱ्या टोकाला, काळा रुमाल बांधून. सकाळी नऊला तोफा सुरू झाल्या. दुपार झाली तरी ती उभीच होती. गोळा लागायचा, ती कलायची, मग हळूहळू सरळ व्हायची. आधी लोक हसत होते, टाळ्या वाजवत होते. नंतर गप्प झाले. चारच्या सुमाराला त्यांनी जवळ जाऊन तीन पाणतीर मारले. त्यानंतरही ती वीस मिनिटं राहिली आणि मग न कलंडता, सपाट, पायऱ्या उतराव्यात तशी खाली गेली. नोएमीने पाठ फिरवली आणि ती उतरणीला लागली. मे महिन्यात गोदीच्या स्मारकावर सिप्रियँचं नाव कोरलं गेलं. दाराचं डांबर शेजाऱ्यांनीच येऊन खरवडून काढलं.

हे सगळं संपलं असं ओनोरा धरून चालला. सहा वर्षं गेली. तो शिंपले काढणाऱ्या बोटींची इंजिनं दुरुस्त करून पोट भरत होता. पंचावन्नच्या शरद ऋतूत एके दिवशी दुपारी त्याच्या दारात समुद्रमापन खात्यातला एक तरुण अधिकारी आला. व्हेर्नेसाँ नाव. बोलायला नम्र, पण झोप न झालेला दिसत होता. काखेत नकाशाची गुंडाळी होती.

जहाज नक्की कुठे बुडालं, ते सांगता येईल का, असं त्याने विचारलं. ओनोरा म्हणाला की ते पुस्तिकेत लिहिलंय. ते मी वाचलंय, असं म्हणून त्याने नकाशा टेबलावर पसरला. तिथे तळ तीनशे वीस मीटरवर होता. एक्कावन्न साली ध्वनियंत्राने मोजलं तेव्हा जहाज तळावर सापडलं. त्रेपन्न साली ते दोनशे नव्वदवर सापडलं. यंत्र बिघडलं असेल म्हणून कुणी लक्ष दिलं नाही. या महिन्यात व्हेर्नेसाँने स्वतः तीनदा मोजलं. दोनशे दहा. आणि जागा तीन मैल उत्तरेला सरकलेली.

“खाली काय आहे?” ओनोराने विचारलं.

“पाणी,” व्हेर्नेसाँ म्हणाला. “नुसतं पाणी. ते कशावरही टेकलेलं नाही. बुडालं तेव्हा त्याचं तोंड बाहेर समुद्राकडे होतं. आता तूलाँकडे आहे.”

बाहेर कुणाची तरी सायकल गेली. ओनोराने खुर्ची ओढली आणि तो बसला.

मग त्या तरुणाने खिशातून छापील फॉर्म काढला. नियम असा होता की तळावर पडलेलं जहाज म्हणजे अवशेष, पण तरंगत असलेलं, कितीही खोल असलं तरी, जहाजच. आणि जहाज म्हटलं की फॉर्ममध्ये एक रकाना भरावा लागतो. त्यावर किती माणसं आहेत. वरिष्ठांनी त्याला हसून घालवून दिलं होतं. म्हणून तो इथे आला होता.

“एक लिहा,” ओनोरा म्हणाला. “सिप्रियँ ओदिबेर. यांत्रिक.”

व्हेर्नेसाँने पेन उघडलं, पण लिहिलं नाही.

“आम्ही ऐकण्याचं यंत्र खाली सोडलं होतं,” तो हळू आवाजात म्हणाला. “दोन तास ठोकाठोक ऐकली. मिस्त्री... ठोकणारा एक नाही.”

“मग किती?”

“एकेक हातोडा मोजायला लागलो होतो,” तो म्हणाला. “चाळीसच्या पुढे माझा माणूस यंत्र सोडून उठला.”